नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली मांजर

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी एक पुस्तक लिहायला घेतलं आणि सोमवारी, १३ तारखेला पहाटे ते संपवलंही. ‘श्यामची आई’ १९३५ साली छापून आलं. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. या पुस्तकातलं काय काय आठवतं, असं मराठी वाचकाला विचारा. पोहायला न जाणारा श्याम आठवतो, तळवे ओले म्हणून पदरावर पाय ठेवणारा श्याम आठवतो. मोरी गायही एखाद्याला आठवते. मथी मात्र क्वचितच कुणाला आठवते.

मथी ही श्यामच्या आईची लाडकी मांजर. आई जाते तो भाग आपण डोळे पुसत वाचतो, त्यामुळे त्याला लागूनच आलेली मांजराची गोष्ट नजरेतून सुटते. आई गेल्यावर मथी अन्न सोडते आणि मालकिणीच्या पाठोपाठ स्वतःही जाते. गुरुजी तिला जागा फार देत नाहीत. पण मराठी मुलांच्या पुस्तकांतली सगळ्यांत गूढ मांजर कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी मथीचंच नाव घेईन. कारण हे वागणं कुत्र्याला शोभणारं आहे. कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात. घर बदललं तर कुत्रं मागे येतं, मांजर जुन्याच ओसरीवर बसून राहतं. त्या मांजराने माणसासाठी जीव द्यावा, ही गुरुजींच्या हळव्या लेखणीची करामत असणार, असं सहज वाटून जातं.

जनावरांच्या डॉक्टरांना मात्र या गोष्टीत अशक्य असं काही दिसणार नाही. घरातलं ओळखीचं माणूस नाहीसं झालं, रोजचा क्रम मोडला, की काही मांजरं खाणं टाकतात. माणसाने दोन-चार दिवसांचा उपास केला तर तो निभावतो. मांजराचं शरीर त्या कामाचं नाही. ते मांसावर पोसलेलं असतं. उपाशी राहिलं की अंगातली चरबी भराभर यकृताकडे धाव घेते, आणि एवढी चरबी यकृताला पचवता येत नाही. यकृत चरबीने भरतं, मांजराला कावीळ होते, भूक उरलीसुरली तीही मरते, आणि उपचार झाले नाहीत तर मांजर दगावतं. गुबगुबीत, लाडावलेल्या मांजरांना हा धोका अधिक. कोकणातल्या खेड्यात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, ज्या घरात माणसाच्या औषधाचीच वानवा होती तिथे मांजराला कोण वाचवणार?

मांजराला माणसाचा लळा लागतो का, हेही आता तपासून झालं आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या विद्यापीठात संशोधकांनी मांजराच्या पिल्लांना मालकासोबत अनोळखी खोलीत आणलं, मग मालकाला बाहेर पाठवलं आणि थोड्या वेळाने परत बोलावलं. तान्ह्या मुलांचा आईवर किती भरवसा आहे हे पाहायला वापरतात तीच ही पद्धत. जवळजवळ ६४ टक्के पिल्लं मालक परतल्यावर निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. मुलांमध्येही हे प्रमाण साधारण तेवढंच निघतं. गुरुजींनी जे पाहून किंवा ऐकून लिहिलं, त्याला प्रयोगशाळेचा पाठिंबा ८६ वर्षांनी मिळाला.

तरीही मथी आपल्या गोष्टींच्या जगात एकटीच पडते. तिच्या आधी हजार-दोन हजार वर्षं आपण मुलांना जी मांजरं दाखवली, ती सगळी संशयित होती.

पंचतंत्रातला दधिकर्ण आठवा. ससा आणि तित्तिर पक्षी एका बिळाच्या मालकीवरून भांडतात आणि न्याय मागायला निघतात. नदीकाठी हा बोका हातात दर्भ धरून, मागच्या पायांवर उभा राहून सूर्याकडे तोंड करून तप करतोय. दोघं बिचकून लांबूनच बोलतात, तर हा म्हणतो की मी म्हातारा झालो, कानांनी नीट ऐकू येत नाही, जरा जवळ या. जवळ आल्यावर खटला तिथेच निकाली निघतो, दोन्ही पक्षकारांसह. हितोपदेशातला दीर्घकर्ण याचाच भाऊबंद. गंगेच्या काठच्या झाडावर आंधळं म्हातारं गिधाड राहतं, इतर पक्ष्यांच्या पिल्लांची राखण करतं. दीर्घकर्ण त्याला सांगतो की मी चांद्रायण व्रत करतोय आणि रोज गंगास्नान करून शाकाहारावर राहतोय. गिधाड त्याला ढोलीत आसरा देतं. हा पिल्लं खातो, हाडं गिधाडाच्या ढोलीत टाकतो आणि वेळ पाहून पसार होतो. पक्ष्यांना हाडं सापडतात आणि ते गिधाडालाच मारतात.

या गोष्टीचं मला सर्वांत आवडतं रूप महाभारतात, उद्योगपर्वात आहे. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला निरोप धाडतो आणि त्यात त्याला हिणवायला ही गोष्ट घालतो. बोका गंगाकाठी हात वर करून उभा राहिला, उंदरांचा विश्वास बसला, त्यांनी त्यालाच पालक नेमलं. पुढे बोका रोज थोडा थोडा फुगत चालला आणि उंदीर घटत चालले. शेवटी एका म्हाताऱ्या उंदराने पुरावा काढला: कंदमुळं खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कसे? इतका नेमका तपास मराठी गुप्तहेरकथांतही वाचायला मिळत नाही. मुलांना सांगून बघा, विष्ठेपाशी आल्यावर जो हशा पिकतो तो दधिकर्णाला कधीच मिळत नाही.

मनुस्मृतीने अशा माणसांना बैडालव्रतिक म्हणून बाजूला काढलं आणि त्यांच्याशी बोलूही नये असं सांगितलं. जातककथांत तर मोठी गंमत आहे. १२८ व्या जातकाचं नाव बिळार, म्हणजे बोका. त्याच्या गाथेतही मांजराच्या व्रताचा उल्लेख. पण गोष्टीत एका पायावर उभा राहून वारा खाऊन जगण्याचं सोंग करणारा आहे कोल्हा! गोष्ट सांगणाऱ्याने पात्र बदललं, पण बदनामी मांजराच्याच नावावर राहिली. आणि सातव्या शतकात पल्लवांच्या शिल्पकारांनी महाबलीपुरमच्या त्या प्रचंड शिलापटावर, देव, ऋषी आणि हत्तींच्या गर्दीत, हात डोक्यावर जोडून उभा असलेला बोका कोरला. त्याच्या पायाशी उंदीर आहेत. शेजारी खराखुरा तपस्वी त्याच मुद्रेत उभा आहे. हा विनोद कोरणारा कोण होता, त्याचं नाव कळलं असतं तर बरं झालं असतं.

नदीचा काठ, स्नान, वर केलेले हात, भोवती भाबड्यांचा घोळका. रामकुंडावर वाढलेल्या नाशिककराला या गोष्टी वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, आणि त्या गर्दीत खरा साधू कोणता आणि दधिकर्ण कोणता हे ओळखण्याची परीक्षाही येते.

गोदावरीला आणखी एक मांजर चिकटलेली आहे. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी तप केलं आणि गोदावरी खाली आणली, म्हणून ती गौतमी. या गौतमांच्या घरात इंद्र त्यांच्याच वेषात शिरला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. गौतम परत आल्यावर इंद्राने काय केलं, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. कथासरित्सागरात आणि कंबनाच्या तमिळ रामायणात तो मांजर होऊन सटकू पाहतो. देवांच्या राजाला त्या क्षणी गरुड किंवा हत्ती व्हावंसं वाटलं नाही. कुणाच्याही घरातून निघताना जिच्याकडे कुणी बघत नाही, असं एकच जनावर त्याला आठवलं. वाल्मीकींचा हनुमान लंकेत शिरतो तेव्हा तोही मांजराएवढाच होतो. एकाचा हेतू वाईट, एकाचा चांगला, पण परक्या घराच्या उंबऱ्याची अडचण दोघांनी एकाच मापाने सोडवली.

आपल्या गोष्टींतलं मांजराचं गूढ हे असं आहे. तिच्यापाशी जादू नाही. ती चुलीपाशी सगळ्यांदेखत बसलेली असते, आणि तिच्या मनात काय आहे ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

घरातल्या बायकांना ते पुस्तकांपेक्षा आधी कळलं होतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं, हा धाक आजही खेड्यात दिला जातो. या धाकाने किती मांजरं वाचली असतील! दुसरीकडे बाळंतिणीच्या खोलीत मांजर येऊ द्यायची नाही. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहून जाते, त्या रात्री तर मुळीच नाही. बंगालमध्ये हीच देवी षष्ठी, आणि तिचं वाहन मांजर आहे. आपल्याकडे देवी आली पण वाहन दाराबाहेरच राहिलं, असं दिसतं. रात्री गच्चीवर मांजरं रडायला लागली की कुठेतरी तान्हं मूल रडतंय असं वाटून अंगावर काटा येतो, तो काही निव्वळ भास नाही. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की खाणं मागणाऱ्या मांजरीच्या गुरगुरण्यातच एक उंच स्वर दडलेला असतो आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळचा असतो. आईला ज्या आवाजाने उठवता येतं तोच आवाज मनीने वाटीभर दुधासाठी कामाला लावला आहे.

डोळ्यांचंही तसंच. पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, आत आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून कंदिलाच्या उजेडात अंधारातून दोन हिरवे दिवे पेटतात. दुपारी बाहुली उभ्या रेघेएवढी होते आणि रात्री अख्ख्या बुबुळावर पसरते. लहानातल्या लहान आणि मोठ्यातल्या मोठ्या बाहुलीच्या क्षेत्रफळात तब्बल १३५ पटींचा फरक पडतो. माणसात तो १५ पटींचाच. वाघाची बाहुली मात्र गोल. भाच्याला मावशीचे डोळे मिळालेले नाहीत.

मावशीने भाच्याला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं, ही गोष्ट मराठी मुलाला बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी ऐकवली जाते. निफाड-दिंडोरीच्या उसात बिबट्याशी रोजची गाठ असलेल्या मुलांपुढे ती सांगताना जपून सांगावी. ‘बिबट्या तर सरसर चढतो’ असं उत्तर हमखास येतं. मग दुसऱ्या भाच्याची फी कुणी भरली, हे सांगता सांगता पुरेवाट होते. त्याच उसाच्या फडांत तोडणीच्या वेळी वाघाटीची पिल्लं सापडतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली दीड किलोच्या आसपास. बिबट्याचे बछडे समजून गावात धावपळ होते. या चिमुकल्या मावशीवर मराठीत एक चांगलं मुलांचं पुस्तक व्हायला हवं.

युरोपातली मांजरं वेगळ्या वळणाची. तिथला बूट घातलेला बोका १६९७ साली पेरोच्या फ्रेंच पुस्तकात आला. तोही लबाडच, पण मालकासाठी लबाड, आणि शेवटी सरदार होऊन मानाने राहतो. आपल्याकडे त्याला दधिकर्णाच्या शेजारी बसवलं असतं. ॲलिसला भेटणारी हसरी चेशर मांजर तर कॅरोलच्या मूळ हस्तलिखितात नव्हतीच. १८६५ साली पुस्तक छापताना ती नव्याने आली आणि साऱ्या पुस्तकाची ओळख होऊन बसली. भा. रा. भागवतांनी ॲलिसची जाई केली आणि ‘जाईची नवलकहाणी’ मराठी मुलांच्या हाती दिली. त्याच १८६५ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात रुडयार्ड किपलिंग जन्मला. गोव्याकडच्या आयेच्या आणि मीता नावाच्या घरगड्याच्या गोष्टी ऐकत तो वाढला. १९०२ साली त्याने एकट्याने फिरणाऱ्या मांजराची गोष्ट लिहिली. त्यातलं मांजर गुहेतल्या बाईशी करार करतं, चुलीपाशी जागा आणि दूध मिळवतं, पण कुणाचंही होत नाही. आपल्या दारचीच ही मांजर, असं वाचताना वाटत राहतं. कलकत्त्यात सुकुमार रायांनी तर ‘ह-य-ब-र-ल’ मध्ये घाम पुसायला काढलेल्या रुमालाचंच मांजर केलं. भारतीय भाषांतल्या मुलांच्या पुस्तकांत इतकी अचाट मांजर दुसरी नाही, आणि मराठीत तिच्या तोडीची झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

रंगमंचावर मांजर आणणं याहून अवघड. खरी मांजर तर आणताच येत नाही. सशाला टोपलीत, पोपटाला पिंजऱ्यात बसवता येतं. मांजर प्रकाशझोत पडला की एकतर विंगेत पळेल नाहीतर रंगमंचाच्या मधोमध बसून अंग चाटेल, आणि मग नटांकडे कोण बघणार? म्हणून नाटकातली मांजर बहुधा नावाने येते. मॅकबेथच्या पहिल्याच प्रवेशात चेटकिणींपैकी एकीला तिची मांजर बोलावते. ही ग्रेमॉल्किन प्रेक्षकांना कधी दिसत नाही, पण तिच्या हाकेला चेटकीण ओ देते आणि थिएटर गार होतं. मराठीत मॅकबेथचा ‘राजमुकुट’ केला तो नाशिकच्याच तात्यासाहेब शिरवाडकरांनी, १९५४ साली. लेडी मॅकबेथची भूमिका दुर्गा खोट्यांनी केली होती.

मुलांच्या मराठी नाटकात चेटकीण आली ती पुढच्या पाच वर्षांत. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर उभं केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. १९६२ पासून मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था चालवली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. पुढे याच प्रभावळकरांनी एका खोडकर, चौकस, सगळीकडे नाक खुपसणाऱ्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या, आधी आकाशवाणीसाठी आणि मग पुस्तकांत. त्याचं नाव ठेवलं बोक्या सातबंडे. हजारभर वर्षांनी बोका आपल्याकडे नायक झाला, तोही माणसाचं पोर होऊन.

मोठ्यांच्या जगात मांजरांचं सर्वांत मोठं नाटक लंडनमध्ये ११ मे १९८१ रोजी सुरू झालं. एलियटने १९३९ साली मुलांसाठी केलेल्या कवितांवर अँड्र्यू लॉइड वेबरने ‘कॅट्स’ बांधलं. त्यातला मॅकॅव्हिटी हा गुन्हा घडला त्या जागी कधीच सापडत नाही. एलियटने तो शेरलॉक होम्सच्या मोरिआर्टीवरून घेतला. नटांना नुसतं चार पायांवर चालायला न लावता पाठीच्या कण्यातून मांजर दाखवायला लावलं, हे त्या प्रयोगाचं खरं कसब.

ते कसब आपल्याकडे नाही असं कुणी समजू नये. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत वाघबारस साजरी होते, दिवाळीच्या तोंडावर. रानातल्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि काही पाड्यांवर गुराखी पोरांपैकीच एक वाघ होतो, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीची पोरं त्यांना विचारतात की आमच्या शिवेवर येशील का, आणि नाही नाही म्हणत ती पळत सुटतात. ना पडदा, ना तिकीट. पण मांजरकुळातल्या सर्वांत भयंकर प्राण्याला मुलांनी अंगात घ्यायचं आणि त्याच्याकडूनच वचन काढून घ्यायचं, असं नाटक लिहायला मतकरींसारखाच लेखक लागतो.

नाशिक शहरात, सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात मुलांच्या नाटकांचे प्रयोग होत असतात. वाचनालय १८४० सालचं, पुस्तकांना तिथे तोटा नाही. म्हणून एका गोष्टीची मी तिथल्या पोरांच्या वतीने मागणी करतो. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका मांजराची गोष्ट सांगतात. वडाच्या झाडावर लोमश बोका राहतो, मुळाशी शंभर तोंडांच्या बिळात पलित उंदीर. एका रात्री परिघ नावाच्या पारध्याच्या जाळ्यात लोमश अडकतो. पलित खुशीत बाहेर येऊन बघतो तर समोर हरित मुंगूस आणि वर चंद्रक घुबड, दोघांचे डोळे त्याच्यावर. तो सरळ लोमशाकडे जातो आणि सौदा करतो: मला तुझ्या पोटाशी लपू दे, मी जाळं कुरतडतो. मुंगूस आणि घुबड हात चोळत निघून जातात. पलित मात्र एकेक दोरी सावकाश तोडत राहतो. लोमश काकुळतीला येतो, घाई कर म्हणतो. पलित ऐकत नाही. पहाटे पारधी दिसल्यावरच तो शेवटची दोरी तोडतो, म्हणजे बोक्याला उंदीर खायला वेळच उरत नाही. लोमश झाडावर, पलित बिळात.

मग लोमश वरून हाका मारतो. मित्रा, तू माझा जीव वाचवलास, ये, माझ्या घरच्यांना भेट, आता भीती कसली. पलित बिळातूनच उत्तर देतो की गरज होती तोवर मैत्री होती, आता तू भुकेला आहेस आणि मी तुझं अन्न आहे.

चार पात्रं, एक पारधी, एक जाळं, एवढ्यावर नाटक उभं राहतं. लोमशाचं काम करणाऱ्या मुलाला मात्र दिग्दर्शकाने एक बजावून ठेवायला हवं. शेवटच्या हाकेत तो मनापासून बोलतोय की भुकेपोटी, हे त्याने स्वतः ठरवून टाकावं आणि आम्हाला अजिबात कळू देऊ नये.